उजव्या गालावरचा तीळ

१

मुखरूला सगळीकडे नक्षी दिसायची. हा रोग त्याला लहानपणापासूनचा. बाप बोडीत जाळं टाकायचा आणि हे पोरगं पाण्यावर पडलेली जाळ्याची सावली बघत काठावर बसून राहायचं. मासे कुठे का जाईनात. मोठेपणी चंद्रपुरातल्या छापखान्यात तो शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम शिकला, पायानं चालवायची एक जुनी ट्रेडल मशीन ट्रकवर घालून चामोर्शीला घेऊन आला, आणि रोगाचाच धंदा झाला.

घुग्घुसहून येणाऱ्या सिमेंटच्या पोत्यांवरची दणकट अक्षरं त्याला आवडायची, म्हणून रिकामी पोती तो कुणाला फेकू द्यायचा नाही. लाकडाची साल सोलली की आत किड्यांनी कोरलेल्या वाटा निघतात, त्यांवरून त्यानं लग्नपत्रिकेची किनार केली होती. मोहाच्या पानाला शाई लावून कागदावर दाबलं की शिरा कशा उमटतात हे बघण्यात त्याची अख्खी दुपार जायची. विडीच्या कट्ट्यावरचं चित्र, काडेपेटीवरचा वाघ, एसटीच्या पाटीवरचा पोटात मोडलेला 'ग', काही म्हणून सुटायचं नाही. लोक चिडवायचे, "मुखरूभाऊ, भात वाढला तरी आधी ताटातली नक्षी पाह्यते आन् मंग जेवते." मुखरू हसून सोडून द्यायचा, कारण ते खरंच होतं.

गडचिरोली नवा जिल्हा झाल्यापासून कचेऱ्यांचं किरकोळ काम मिळू लागलं होतं, पण खरा हंगाम नाटकांचा. धान निघालं की झाडीपट्टीत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, बैलांचे शंकरपट होतात, आणि मंडई तिथं नाटक. नाटक म्हटलं की पोस्टर आलं, आणि पोस्टरवर हिरोईन नसेल तर माणसं फिरकत नाहीत. फोटोचा ठोकळा नागपूरहून करून आणायचा तर नाटक मंडळाचं कंबरडं मोडायचं. मुखरूकडे मात्र एक चेहरा तयार होता, शिवणीच्या लाकडात कोरलेला. तो त्याचे पैसे घेत नसे. त्यामुळे गेली कित्येक वर्षं चामोर्शीपासून सिरोंच्यापर्यंत नाटक कोणतंही असो, हिरोईन कुणीही असो, पोस्टरवरची बाई एकच. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा पदराच्या काळोखात, उजव्या गालावर तीळ.

ती मुखरूची बायको कुंता. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

२

कुंता गेली तेव्हा गोकुळा रांगत होती. प्रेस नवी, गिऱ्हाईक तुरळक. गावातल्या बाया मिरची तोडायला तेलंगात निघाल्या तशी तीही निघाली. "पोट्टीले सांभाळा. येतोच मी," एवढंच म्हणाली. परत येताना प्राणहितेच्या घाटावर नाव लागायला वेळ होता, म्हणून ती पाणी प्यायला वरच्या अंगाला गेली. नाव लागली, बाया बसल्या, हाका मारून घसे बसले. कुंता आली नाही. शेजारची रुखमा तिच्यासोबत होती. तिनं अंधार पडेस्तोवर घाट पालथा घातला आणि मग रडत घरी आली.

मुखरूनं गोकुळाला रुखमाच्या मांडीवर ठेवलं आणि शोध सुरू केला. दवाखाने झाले, ठाणी झाली, नदीकाठची गावं झाली. जिथं जाईल तिथं लोक म्हणत, "फोटो दाखवा." फोटो नव्हता. त्यांच्या लग्नात फोटो काढायची ऐपत कुणाची होती? शेवटी त्यानं ठरवलं, चेहरा आपणच करायचा.

एका दुपारी त्यानं शिवणीची फळी मांडीवर घेतली आणि कुंता डोळ्यांपुढे आणली. ती रोज दिसायची तशीच दिसली: चुलीपुढे बसलेली, एका बाजूनं जाळाचा उजेड, दुसरी बाजू पदराच्या सावलीत. जे दिसलं ते कोरलं. एक डोळा, नाकाची कड, हसू दाबल्यावर पडणारी खळी आणि डाव्या गालावरचा तीळ. सावलीतली बाजू काही आठवेना. तिथं त्यानं लाकडाला पटाशी लावलीच नाही. जिथं कोरत नाही तिथं शाई लागते; ती बाजू छापात काळीच्या काळी येईल आणि पदराखाली आहे असं वाटेल. निभावलं.

पहिला कागद मशीनमधून काढून मुखरूनं खिडकीशी नेला. तीळ उजव्या गालावर आला होता.

जन्मभर उलटी अक्षरं जुळवणारा माणूस तो. छापायचं ते लाकडात उलटं कोरायचं असतं हे त्यानं झोपेतही सांगितलं असतं. पण त्या दुपारी तो ठोकळा कोरतच नव्हता, बायकोकडे बघत होता, आणि बायकोकडे कोणी उलटं बघत नाही. दुसरा ठोकळा करू म्हणाला, पण तसा चेहरा पुन्हा हाताला येईना. मग तिळानं काय बिघडतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. जिथं म्हणून नाटक होईल तिथल्या भिंतीवर हा चेहरा लागेल. कधीतरी, कुठंतरी कुंता त्या भिंतीपुढून जाईल आणि तिला कळेल की मुखरू अजून बोलावतो आहे.

नाटकवाल्यांसाठी ते पोस्टर होतं. मुखरूसाठी ती हाक होती. दर हंगामात तो ती मारायचा आणि दर हंगामाच्या शेवटी गप्प बसायचा.

३

त्या वर्षी हंगाम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. नाटक मंडळाचा मॅनेजर पोचू सिरोंच्याहून परत आला तो हातात एक फाटकं पोस्टर घेऊनच.

"मुखरूभाऊ, हे काय छापलं तुमी? हिरोईनच नाई."

मुखरूनं पोस्टर उजेडात धरलं. नाटकाचं नाव जागेवर, किनार जागेवर, कलाकारांची नावं ठसठशीत. मधली चेहऱ्याची जागा तेवढी पांढरी. ठोकळ्याला शाई लागली नसेल, असं तो म्हणणार होता. पण दर कागद तो स्वतः मशीनमधून काढत असे आणि कोरा चेहरा त्याच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. त्यानं कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवलं. दाब होता. नाकाची कड, खळी, पदराची कड, सगळं बोटाला लागत होतं. ठोकळा नीट दाबला गेला होता. शाई तेवढी नव्हती.

"गाईनं चाटलं असल," तो म्हणाला. पोस्टर मैद्याच्या खळीनं चिकटवतात, आणि खळीच्या वासानं गावातल्या गाई भिंती चाटत फिरतात हे खरं आहे.

"गाय कागद खाते भाऊ. शाई चाटून कागद ठेवते का?" पोचू हसला, आणि जाता जाता सहज म्हणाला, "आन् तुमची बायको दिसली बरं मले. नदीच्या रस्त्यानं येऊन राह्यली होती सकाळी. हाक मारलो तं पाह्यलं नाई तिनं."

मुखरूनं कागद बाजूला ठेवला. "तू वळखतो तिले?"

"रोज तं पाह्यतो. उजव्या गालावर तीळ."

मुखरूनं सुस्कारा टाकला. पोचूनं कुंताला जन्मात बघितलं नव्हतं. त्याला ठाऊक होती ती पोस्टरवरची. कोणतीतरी तीळवाली बाई दिसली असेल. अशा बाया काय कमी आहेत? ही समजूत चार दिवस टिकली. मग आलापल्लीहून एकजण आला, त्यालाही ती रस्त्यानं येताना दिसली होती. तिथल्या नाक्यावरच्या पोस्टरवरचाही चेहरा गेला होता. मग आष्टीहून तोच निरोप आला.

सिरोंचा, आलापल्ली, आष्टी. चामोर्शीला एसटीत बसून येणाऱ्या कुणालाही विचारा, पुढचं गाव कोणतं ते सांगेल.

मुखरूला आनंद व्हायला हवा होता, आणि खरं सांगायचं तर झालाही. त्यानं घराला चुना दिला. बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या आणि गोकुळाला दिसू नयेत म्हणून टाईपाच्या खणात लपवल्या. पण रोज सकाळी प्रेसच्या दारात तो मागे वळायचा. समोरच्या भिंतीवरच्या पोस्टरवर चेहरा आहे ना, हे तो आधी बघून घ्यायचा.

एका सकाळी नव्हता.

४

त्या दिवशी चामोर्शीचा बाजार होता. दुपारी शाळेतून गोकुळा आली ती एकटी नाही. तिनं एका बाईचा हात घट्ट धरला होता, आणि पोरीचा चेहरा असा फुलला होता की मुखरूनं तो तसा कधी बघितला नव्हता.

"बाबा, माय आली. मीच वळखलो."

पोरीनं ओळखणं साहजिकच होतं. आईविना वाढलेल्या त्या लेकराला घरात आई म्हणून जे काही होतं ते दारापुढच्या सपरीत लावलेलं पोस्टर. शाळेला जाताना ती त्याला सांगून जायची, आल्यावर त्याच्यापुढे बसून खायची.

बाई अंगणात उभी राहिली. डाव्या अंगाला पदर गालावरून पुढे ओढलेला, उजव्या गालावर तीळ. तीच नाकाची कड, तीच खळी. इतक्या वर्षांत एक सुरकुती नाही. तिच्यामागून बाजारातली एक मोकाट गाय आली होती आणि तिच्या लुगड्याचा काठ चाटत होती. बाई गाईला हाकलत नव्हती. वाऱ्याबरोबर मुखरूच्या नाकाला आंबलेल्या मैद्याच्या खळीचा वास आला.

"कुंता?" त्यानं विचारलं.

"आलो ना मी," ती म्हणाली. आवाज कुंताचाच होता, आणि तो ऐकून मुखरूच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते पाणी खोटं नव्हतं.

रुखमा धावत आली, गळ्यात पडली, रडली. थोड्या वेळानं मुखरूनं तिला बाजूला घेतलं. "रुखमाबाई, तू तं लग्नापासून पाह्यलं कुंताले. तीळ कोणत्या गालावर होता?"

"उजव्या."

"आठव बरं नीट."

"आठवाचं काय त्यात? रोज तं दिसते भिंतीवर." रुखमानं त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "बाई परत आली, आन् तुमी तीळ कायले पाहून राह्यले? देवानं देल्लं तं पदरात घ्या."

 गावात कुंताला प्रत्यक्ष बघितलेली माणसं होती कितीतरी. पण कुंता त्यांनी चार वर्षं बघितली असेल, पोस्टर त्याच्या दुप्पट. आपलंच चुकत असेल का? मुखरू प्रेसमध्ये गेला आणि ठोकळा हातात घेतला. शाईनं काळा झालेला, कडा झिजलेल्या. पण लाकडात तीळ डाव्या गालावर होता, त्या दुपारी दिसला होता तिथंच. लाकूड खरं बोलत होतं. कागद उलटा होता. आणि अंगणात जी उभी होती ती कागदासारखी होती.

५

घर चालू लागलं. ती पहाटे उठायची, सडा टाकायची, भात रांधायची, गोकुळाच्या वेण्या घालायची. मुखरू दारातून बघत राहायचा. कुंता डावखुरी होती. डाव्या हातानं वाढते म्हणून, सासू जिवंत होती तोवर, तिची बोलणी खायची. ही उजव्या हातानं वाढायची.

"तिकडं शिकली असल," रुखमा म्हणाली. तेही खोटं म्हणता आलं नसतं. इतकी वर्षं माणूस परमुलखात राहिल्यावर काय काय शिकेल, कुणी सांगावं?

कुठे होतीस, हे त्यानं एकदाच विचारलं. ती म्हणाली, "भिंतीवर." म्हणजे काय, ते विचारायचा त्याला धीर झाला नाही.

सपरीच्या खांबाला दाढी करायचा आरसा टांगलेला असे. एका सकाळी मुखरू दाढी करत होता आणि ती मागे सूप घेऊन बसली होती. त्याची नजर आरशात गेली आणि वस्तरा हातातच राहिला. आरशात तीळ डाव्या गालावर होता. सूप डाव्या हातात होतं. आरशात कुंता बसली होती, त्याची, चुलीपुढची, जशीच्या तशी.

त्या दिवसापासून मुखरूच्या दाढीला वेळ लागू लागला. तो पाठ करून बसायचा आणि आरशातून तिच्याशी बोलायचा, पावसापाण्याचं, प्रेसचं, गोकुळाच्या शाळेचं. तीही बोलायची. वळून बघितलं की ती दुसरी असायची, म्हणून तो वळत नसे. ही कुंता नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही तिच्या हातचा पहिला घास घेताना त्याचा ऊर भरून यायचा. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात, त्यातली गत.

मग एका दुपारी वावटळ अंगणात शिरली. सुपातला कोंडा उडाला, आणि आरशात तिचा पदर घसरला.

तिथं गाल नव्हता असं म्हणता येणार नाही. गालाएवढंच काहीतरी होतं. काळं, सपाट, ओल्या शाईसारखं चमकणारं. कपाळापासून मानेपर्यंत त्यावर एक रेघ नव्हती, डोळा नव्हता, कान नव्हता. मुखरूनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पदर जागेवर होता आणि ती तांदळातले खडे वेचत होती.

"तुमचंच काम अर्धं राह्यलं हाये," ती वर न बघता म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

६

चार दिवस त्यानं टाळलं. पाचव्या दिवशी गोकुळा त्याच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, माय मले एकाच बाजूनं झोपू देते. त्या बाजूनं गेलो तं सरकवते. शाळेतल्या पोट्ट्या म्हणतात, तुह्या मायले काई रोग हाये का?"

मुखरूनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. ठोकळा चुलीत घालावा, असं त्याच्या मनात कितीदा आलं होतं. घातला की काय होईल, हेही त्याला जवळजवळ कळत होतं. मग या पोरीला काय सांगायचं? तिची आई दोनदा न्यायची, हे त्याच्यानं होणार नव्हतं.

"माह्यापुढं बस जराशी," तो म्हणाला. "हालू नको."

कुंताच्या चेहऱ्याची ती बाजू त्याला आजही आठवत नव्हती. पण गोकुळा आईच्या वळणाची होती. त्यानं पोरीचा गाल बघितला, कान बघितला, डोळ्याचा कोपरा बघितला, मनातल्या मनात तिला मोठी केली, आणि त्याच ठोकळ्याच्या न कोरलेल्या बाजूला पटाशी लावली. पहिल्या खेपेची चूक तशीच ठेवून तिच्या बेतानं कोरायचं होतं. एक खोटं निभवायला दुसरं लागतंच. भुसा मांडीवर पडत होता. आत भांड्यांचा आवाज चालू होता. पटाशी लाकडात शिरली की तो आवाज थांबायचा, उचलली की पुन्हा सुरू व्हायचा.

डोळ्याच्या कोपऱ्यापाशी आल्यावर आतून ती म्हणाली, "तिथी जरा हळू."

गोकुळाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मुखरूनं घाम पुसला आणि हळू कोरलं.

काम झालं तेव्हा उन्हं कलली होती. ती दारात आली. पदर खांद्यावर होता. चेहरा पुरा होता, दोन्ही डोळे, दोन्ही कान, आणि डावा गाल स्वच्छ. त्यावर शिवणीच्या लाकडाला असतात तशा बारीक रेघा होत्या, पण त्या जवळ गेल्याशिवाय दिसल्या नसत्या. गोकुळानं तिच्या त्या गालाला गाल लावला आणि डोळे मिटून घेतले.

मुखरूनं पुऱ्या झालेल्या ठोकळ्याची पोस्टरं छापली. पुरा चेहरा, कधी नव्हे इतका सुरेख. पोचूनं ती गावोगाव लावली, एक सपरीत लागलं, एक बसस्टँडच्या भिंतीवर. या खेपेला कुठलाही चेहरा कागद सोडून गेला नाही. हिरव्या बांगड्या मुखरूनं टाईपाच्या खणातून काढल्या आणि तिच्या हातात भरल्या. आरशापुढे बसणं त्यानं सोडून दिलं. आता त्याची गरज उरली नव्हती, आणि त्यात त्याला थोडं सुखही वाटत होतं.

७

बसस्टँडवर लटारूची चहाची टपरी होती. लटारू घुग्घुसचा, खाणीतलं काम सोडून दोनच वर्षांपूर्वी चामोर्शीला आलेला. मुखरू कागदाचं पार्सल उतरवायला गेला होता तेव्हा त्यानं हाक मारली.

"मुखरूभाऊ, तुमच्याकडं पाहुणी आलती का?"

"नाई. कोण?"

"सकाळच्या सिरोंच्याच्या गाडीतून उतरली एक बाई. केस पिकलेले, बोलणं अर्धं तेलुगू. त्या पोस्टरपुढं उभी राह्यली, लय वेळ. मंग मले विचारलं, हे कोण? मी म्हणलो, हे आमच्या मुखरूभाऊची बायको."

मुखरूनं पार्सल खाली ठेवलं.

"म्हणे, हाये का ती घरी? म्हणलो, हाये ना. हरवली होती, आता आली. लय सुखात हायेत, म्हणलो. मंग म्हणे, पोट्टी मोठी झाली असन? म्हणलो, शाळेत जाते. मायचा हात सोडत नाई."

"मंग?"

"मंग काई नाई. चहा देल्लो, पेली नाई. डाव्या हातात गिलास धरून तशीच बसली. नवरा पोस्टरवर फोटो छापते म्हणजे जीव असन त्याचा, म्हणाली. आन् परतीच्या गाडीत चढली."

"लटारू, तिचा तीळ..."

"होता ना." लटारूनं किटली ठेवली आणि आपल्या गालाला बोट लावलं. डाव्या गालाला. "इथी. मले वाटलं, तुमच्या बायकोची बहीण असन. पाठवाले पाहिजे होतं का घरी?"

 इतकी वर्षं ज्या हाकेनं मुखरू तिला बोलावत होता, ती हाक तिनं ऐकली होती. आली होती. आणि त्याच भिंतीनं तिला सांगितलं होतं की तुझी जागा भरली.

आलापल्लीची गाडी लागलेली होती. मुखरूनं धावत जाऊन दांडा धरला आणि पायरीवर पाय ठेवला. आष्टीला गाडी थांबते, नाहीतर आलापल्लीला गाठता येईल, नाहीतर घाटावर. नाव लागायला वेळ लागतो.

"चढा ना भाऊ, नाईतं उतरा," कंडक्टर म्हणाला.

शाळा सुटायची वेळ झाली होती. गोकुळा आता घरी येईल, दप्तर टाकेल आणि जेवायला बसेल. घरात ती असेल. आणि आपण नसू. आज नाही, उद्या नाही, किती दिवस नाही कुणास ठाऊक. उजव्या हातानं ती पोरीला वाढेल, रात्री जवळ घेईल. आजवर मुखरूनं त्या दोघींना एक रात्रही एकटं ठेवलं नव्हतं, आणि का ठेवलं नव्हतं हे त्यानं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तो उतरला. गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत तो उभा राहिला आणि मग पार्सल उचलून घरी आला.

"कोण आलतं?" आतून तिनं विचारलं.

"कोणी नाई."

सपरीत पोस्टर होतं. मुखरूनं त्याच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून कुंता आठवायचा प्रयत्न केला. चूल आली, जाळ आला, चेहरा आला. तीळ उजव्या गालावर आला. त्यानं पुन्हा आठवलं. पुन्हा उजव्याच. तेव्हा तो प्रेसमध्ये गेला, शाईच्या पाट्यावर बोट टेकवलं आणि येऊन पोस्टरवरच्या डाव्या गालावर एक ठिपका दिला. एवढं एक तरी कुठंतरी खरं असावं, असं त्याला वाटलं.

गोकुळा दप्तर घेऊन आत आली आणि थबकली.

"बाबा, हे काऊन केलं? मायले इथी तीळ नाई."

  पोरीनं टाचा उंचावल्या, फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ठिपका पुसू लागली. तिच्यामागे स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती. तीही पदराच्या टोकानं आपला डावा गाल पुसत होती, पोरीच्या हाताबरोबर, सावकाश.

शाई ओलीच होती. लगेच निघाली.